४६० हॉर्सपॉवर, पहाटे पाचचा बर्फ आणि महिन्याचे १६ युरो

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही म्युनिकच्या फ्राइमान भागात राहता, नोकरी गार्शिंगला. मे महिन्यात तुम्ही २०२३ सालची बीएमडब्ल्यू एम२ घेतलीत. ४६० हॉर्सपॉवर, आणि ती सगळी ताकद मागच्या दोन चाकांना. कर्जाचा हप्ता ६९० युरो. गाडीला समर टायर आहेत आणि तुमच्याकडचा हा तिचा पहिला हिवाळा. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. एक, १,५०० युरोंत ऑल-सीझन टायर बसवून बारा महिने तेच वापरायचे. दोन, दुकानदाराने दाखवलेला काळ्या रिम्ससकटचा विंटर सेट, ३,४८० युरो, चोवीस हप्ते, शून्य टक्के व्याज. तीन, चार हजारांत एखादी जुनी छोटी गाडी हिवाळ्यापुरती घ्यायची आणि एम२ झाकून ठेवायची. ‘यातलं आर्थिकदृष्ट्या शहाणपणाचं काय?’ असं तुम्ही विचारलंत.

माझं उत्तर या तिन्हींत नाही. तुमच्या गाडीला चालणाऱ्या सर्वांत लहान मापाच्या साध्या रिम्सवर चांगल्या कंपनीचे विंटर टायर घ्या, रोख पैसे देऊन. माझ्या सांगण्यावरून तुम्ही असा भाव काढलात तो हवेच्या दाबाचे सेन्सर धरून २,१५० युरो आला. आता हे का म्हणतो ते सांगतो.

तुमच्या पत्रात बर्फातल्या ड्रायव्हिंगच्या आनंदाबद्दल दीड पान आहे आणि तुमच्या पत्नीबद्दल एक ओळ आहे: त्या बाड ट्योल्झच्या इस्पितळात डॉक्टर आहेत, आठवड्यातून दोनदा पहाटेची ड्यूटी असते आणि त्या वेळेला सोयीची गाडी नसल्याने त्या कार घेऊन जातात. मी त्या ओळीपाशी थांबलो आणि हिशेब मांडला. जाऊन-येऊन साधारण १२० किलोमीटर, आठवड्यातून दोनदा म्हणजे २४०. सुट्ट्या वगळून हिवाळ्याचे अठरा आठवडे धरले तर ४,३२०. तुम्ही हिवाळ्यातलं एकूण अंतर ५,००० किलोमीटर लिहिलं आहे. म्हणजे तुमच्या वाट्याला जेमतेम सातशे उरतात, लेंगग्रीसच्या आणि टिरोलच्या सहली धरून. ऑफिसला तुम्ही यू-६ मेट्रोने जाता, तिकीट कंपनी देते. तेव्हा हा हिवाळा खरं तर तुमच्या पत्नीचा आहे. टायर निवडताना डोळ्यांपुढे शनिवारची सकाळ आणू नका. जानेवारीतल्या मंगळवारी पहाटे पाच वाजता होल्झकिर्शनहून ट्योल्झकडे जाणारा बे-१३ हा रस्ता आणा.

मी या भागात अठरा वर्षं राहतोय. म्युनिकमध्ये नुसता पाऊस पडत असतो आणि होल्झकिर्शनला पोहोचावं तर शेतं पांढरी झालेली असतात. गाव दीडशेएक मीटर उंचावर आहे, तेवढा फरक पुरतो. त्यात झाडीतून जाणाऱ्या रस्त्यावर, पुलांवर पहाटे जे गोठतं ते दिसतसुद्धा नाही.

इथे टायरचं रबर हाच मुद्दा आहे. समर टायरचं मिश्रण उन्हाळ्याच्या तापलेल्या रस्त्यासाठी बनवलेलं असतं. साधारण सात अंशांखाली ते कडक व्हायला लागतं आणि मग नक्षी कितीही खोल असली तरी पकड कमी होत जाते. तुमच्या गाडीवर असतात तसले स्पोर्ट टायर कडाक्याच्या थंडीत नुसते हलवले तरी त्यांच्या रबराला तडे जाऊ शकतात. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या ठोकळ्यांवर शेकडो बारीक चिरा असतात. त्या बर्फाला धरतात. बर्फ बर्फाला चिकटतो हे लहान मुलांना गोळे करताना कळतं, टायरही त्याचाच फायदा घेतो. आणि ४६० हॉर्सपॉवर ही गोष्ट बर्फावर उपयोगाची नाही, उलट ती सांभाळावी लागते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पाय जरा जोरात पडला की शेपूट आधी सरकते. इलेक्ट्रॉनिक्स ताकद कापून देतं, पण नसलेली पकड ते आणू शकत नाही. थांबण्याचं तर साधं गणित आहे: पकड निम्मी झाली की थांबायला दुप्पट जागा लागते.

कायदा तुम्हाला ठाऊक असेल, तरी पैशांच्या अंगाने सांगतो. जर्मनीत विंटर टायरची सक्ती तारखेवर नाही, परिस्थितीवर आहे. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा दहिवराचा थर असेल तर टायरवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह हवंच. नुसतं एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेले जुने टायर १ ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाहीत. दंड ६० युरोंपासून सुरू होतो आणि फ्लेन्सबुर्गच्या वाहतूक-गुन्ह्यांच्या नोंदवहीत तुमच्या नावावर एक पॉइंट चढतो. ऑल-सीझन टायरवर ते चिन्ह असेल तर कायद्याला ते पुरतात. टिरोलला जाणार असाल तर मात्र लक्षात ठेवा: ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात हिवाळी रस्त्यावर नक्षी किमान ४ मिलिमीटर लागते. जर्मन कायद्याचे १.६ मिलिमीटर तिथे चालत नाहीत, आणि खरं तर इथेही ४ च्या खाली गेलेला विंटर टायर बर्फात फारसा कामाचा नसतो.

आता आकडे. वर्षाला १४,००० किलोमीटर, पाच वर्षांत ७०,०००. समर टायरचा सेट १,६०० युरोंना आणि तो २५,००० किलोमीटर चालतो असं तुम्ही धरलंय, ते ठीक वाटतं. विंटर सेट घेतला तर पाच हिवाळ्यांतले २५,००० किलोमीटर त्यावर जातील आणि उरलेले ४५,००० समर टायरवर. समर टायरचा खर्च २,८८०. विंटर सेट २,१५०. वर्षातून दोनदा चाकं बदलणं आणि रायफनहोटेलमध्ये, म्हणजे टायरच्या गोदामात, ठेवणं मिळून १४० धरले तर पाच वर्षांचे ७००. एकूण ५,७३० युरो.

ऑल-सीझनचा सेट १,५०० ला. इतक्या ताकदीच्या गाडीवर उन्हाळ्यात तो लवकर झिजेल, २२,००० किलोमीटर धरू. पाच वर्षांत तीनाहून थोडे जास्त सेट, म्हणजे सुमारे ४,७७० युरो. ऑल-सीझन स्वस्त पडतात, हे मी लपवणार नाही. पाच वर्षांत ९६० युरोंनी. पण ते साठ महिन्यांत वाटले तर महिन्याला १६ युरो होतात. त्या १६ युरोंत तुमच्या पत्नीला पहाटेच्या बर्फावर खरा हिवाळी टायर मिळतो आणि तुम्हाला जुलैमध्ये खरा उन्हाळी टायर. ऑल-सीझन ही दोन्हीकडची तडजोड आहे. शहरात हळू चालणाऱ्या छोट्या गाडीसाठी मी ते कितीदा तरी सुचवले आहेत. १,७०० किलोंवरच्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या एम२ साठी नाही सुचवणार.

मी स्वतः एका डिसेंबरात ऑल-सीझनवर इर्शेनबेर्गचा चढ चढलो आहे, साध्या फॅमिली गाडीने. वर पोहोचलो. उतारावर पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले, मी ब्रेक दाबला आणि गाडी तशीच पुढे जात राहिली. मधे कसंबसं एक हात अंतर राहिलं. मागच्या सीटवर मुलगी झोपलेली होती. तेव्हापासून हा हिशेब करताना मी फक्त युरो मोजत नाही.

दुकानदाराच्या हप्त्यांबद्दल. ३,४८० भागिले २४, महिन्याला १४५ युरो. व्याज शून्य असेल, पण किंमत शून्य नाही. त्यात आणि साध्या सेटमध्ये १,३३० युरोंचा फरक आहे आणि तो बहुतेक सगळा रिम्सच्या दिखाव्याचा आहे. मोठ्या रिमवर टायरची भिंत पातळ असते, बर्फाखाली झाकलेला खड्डा किंवा फुटपाथची कड लागली की रिम जायचा. मिठाने काळा रंग उडतो तो वेगळाच. लहान रिमवर टायर स्वस्त मिळतो आणि भिंत उंच असल्याने धक्का सोसतो. फक्त ते माप तुमच्या गाडीच्या सीओसी (मान्यतेच्या) कागदपत्रांत लिहिलेलं असलं पाहिजे आणि पुढच्या मोठ्या ब्रेकवर बसलं पाहिजे, हे दुकानदाराकडून लेखी घ्या. आणखी एक बचत: विंटर टायरचा वेग-निर्देशांक गाडीच्या कमाल वेगाइतका असावाच लागतो असं नाही. कमी असेल तर चालकाला दिसेल असं स्टिकर लावायचं आणि तो वेग ओलांडायचा नाही. ताशी २४० किलोमीटरचा व्ही टायर तुम्हाला पुरे आहे. वजनाचा निर्देशांक मात्र अजिबात कमी घेऊ नका.

जुन्या गाडीची कल्पना पहिल्यांदा वाचली तेव्हा मलाही आवडली होती. पण तिला विमा लागेल, तोही दुसरी गाडी म्हणून कमी बोनसवर, म्हणजे विनाअपघात वर्षांच्या कमी सवलतीवर. कर लागेल, तपासणी लागेल, आणि तिलाही विंटर टायर लागतील, हे तुमच्या हिशेबात नाहीच. एम२ ला सिझन-नंबरप्लेट, म्हणजे वर्षातल्या ठरावीक महिन्यांपुरतीच नोंदणी, घेतली तर त्या महिन्यांचा विमा आणि कर वाचतो हे खरं. तुमचा फोल्कास्को (स्वतःच्या गाडीसकटचा पूर्ण विमा) १,६८० आणि कर ४३० आहे, पाच महिन्यांचे सुमारे ८८० युरो होतील. पण सिझनबाहेर ती गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही आणि तुमच्याकडे तळघरातली जागा एकच आहे. मग दोनांपैकी एक गाडी कुठे ठेवणार? ज्या वाचकांना हिवाळ्यात गाडी लागतच नाही त्यांनी सिझन-प्लेटचा जरूर विचार करावा. मात्र सिझन सहा महिन्यांपेक्षा कमी ठेवू नका, नाहीतर त्या वर्षाचा एसएफ-क्लास (विनाअपघात वर्षांवर ठरणारा सवलतीचा दर्जा) पुढे सरकत नाही.

विम्याकडेही एकदा नीट बघा. बर्फात समर टायरवर अपघात झाला तर समोरच्याचं नुकसान तुमचा हाफ्टफ्लिश्ट, म्हणजे तिसऱ्या पक्षाचा विमा, भरून देतो. स्वतःच्या गाडीचं फोल्कास्कोमधून मिळताना कंपनी ढोबळ निष्काळजीपणाचं कारण काढून रक्कम कापू शकते. हा आक्षेप घेणार नाही असं काही पॉलिसींत लिहिलेलं असतं, तुमच्यात आहे का ते शोधा. कापली नाही तरी पहिले १,००० युरो तुमचेच जातात आणि पुढची काही वर्षं हप्ता वाढतो. नुसत्या एका घसरणीत पाच वर्षांची ९६० युरोंची बचत संपली.

पैसे कुठून आणायचे? अडीअडचणीसाठी तुमच्याकडे ६,५०० युरो आहेत आणि घरखर्च ३,८०० चा. म्हणजे दोन महिन्यांचीही सोय नाही, याची मला टायरपेक्षा जास्त काळजी वाटते. तरी २,१५० त्यातूनच आत्ता काढा, कारण टायर ऑक्टोबरात लागणार. नोव्हेंबरच्या पगारासोबत येणारे २,४०० युरोंचे वाइनाख्ट्सगेल्ड, म्हणजे नाताळचा बोनस, तुम्ही नव्या एक्झॉस्टसाठी राखून ठेवले आहेत. ते आले की त्याच दिवशी या अडीअडचणीच्या खात्यात भरा. एक्झॉस्ट या वर्षी नको, हे मी स्पष्टच सांगतो. पुण्याच्या फ्लॅटच्या कर्जात तुम्ही दरमहा ३०० युरो जादा भरता, ती सवय चांगली आहे, पण तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत ते ३०० याच खात्यात वळवा. तिथला नेहमीचा ईएमआय चालू राहू द्या. इथे अचानक पगार थांबला तर फ्लॅटमधून चार विटा काढून भाडं भरता येत नाही.

आणि चारशे युरोंची तजवीज अजून करा. एडीएसी या मोटार क्लबच्या सुरक्षित ड्रायव्हिंगच्या प्रशिक्षणाला दोघांनीही जा, पण आधी पत्नीला पाठवा. ओल्या, निसरड्या पट्ट्यावर गाडी मुद्दाम सरकवून दाखवतात. पाय हलका ठेवायचा, वरचा गिअर, स्टिअरिंग जिथे जायचं तिकडे आणि नजरही तिकडेच, हे वाचून येत नाही. गाडीतले स्पोर्ट मोड हिवाळाभर बंद राहू द्या. तापमान दहा अंशांनी उतरलं की हवेचा दाब साधारण ०.१ बार कमी होतो, तेव्हा पहिल्या गारठ्यानंतर दाब तपासा.

काही दिवस मात्र कुठलाच टायर पुरत नाही. २ डिसेंबर २०२३ ला म्युनिकमध्ये इतका बर्फ पडला की विमानतळ बंद झाला आणि लोकल गाड्याही थांबल्या. तसा दिवस आला तर ड्यूटी बदलून घेता येईल का, हे त्यांनी इस्पितळात आत्ताच बोलून ठेवावं.

इथले लोक ‘ओ ते ओ’ म्हणतात, ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर. ऑक्टोबरच्या मध्यावर टायरवाल्यांकडे रांग लागते, म्हणून वेळ याच आठवड्यात घ्या. टायरच्या भिंतीवरचा चार आकडी डॉट क्रमांक बघून घ्या, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल, आणि जुना माल असेल तर परत करा. चाकं बदलायला तुमच्या पत्नीला सुट्टी असेल तो दिवस धरा. बदलून झाल्यावर गाडी त्यांनाच चालवू द्या, तुम्ही शेजारी बसा.