सेंट्रिफ्युगल पंप दोनशे वर्षं कुठे अडकून पडला होता?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सेंट्रिफ्युगल पंपाची कल्पना सतराव्या शतकातली. त्यात ना दट्ट्या, ना झडपा, नुसता फिरणारा पंखा. मग खाणवाल्यांपासून बंबवाल्यांपर्यंत सगळे एकोणिसावं शतक सरेपर्यंत दट्ट्याच्या पंपालाच का चिकटून बसले? आणि जोडप्रश्न: आजच्या फायर इंजिनवर मुख्य पंप सेंट्रिफ्युगल असताना शेजारी तो छोटा पंप कशाला ठेवतात?

याचं उत्तर म्हणून एकांनी ‘जुने लोक बदलाला घाबरायचे’ असं लिहिलंय. माझी बरीच वर्षं पंपहाऊसमध्ये गेली आहेत, मला हे काही पटत नाही. पंप नुसता बघून कळत नाही, त्याला फिरवतंय कोण ते आधी बघावं लागतं.

हिशेब सोपा आहे. ३० सेंटिमीटर व्यासाचा इम्पेलर, म्हणजे पंपातला फिरणारा पंखा, घ्या. त्याच्या कडेचा वेग मीटर प्रति सेकंदात काढा, त्याचा वर्ग करा आणि २० ने भागा. ढोबळमानाने तितके मीटर हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, मिळतं. मिनिटाला १०० फेऱ्या दिल्या तर उत्तर येतं १२-१३ सेंटिमीटर. एवढ्या हेडवर बादलीच्या काठापर्यंतही पाणी चढणार नाही. १००० फेऱ्यांना साडेबारा मीटर, आणि आजच्या दोन पोलच्या मोटरच्या २९०० फेऱ्यांना शंभर मीटरच्या थोडं वर. वेग दहापट केला की हेड शंभरपट. आता विचार करा, १६८९ च्या सुमारास देनी पापँने सरळ पात्यांचा सेंट्रिफ्युगल पंप मांडला तेव्हा फिरवायला काय होतं? माणसाचा हात, घोडा आणि संथ फिरणारं पाणचक्र. गिअर लावून वेग वाढवता येतो, पण त्या काळच्या लाकडी दात्यांच्या चाकांत घर्षणच बरीच ताकद खायचं. कल्पना बरोबर होती, तिला पळवणारं कोणी नव्हतं.

दट्ट्याच्या पंपाला वेगाची पर्वा नसते. दांडा हळू दाबा नाहीतर जोरात, सिलिंडरभर पाणी पुढे गेलंच पाहिजे. हात थकला की पाणी कमी येईल, पण दाब टिकतो. म्हणून इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने बनवलेला दोन सिलिंडरचा पंप पुढची दोन हजार वर्षं मूळ रूपात टिकला. एक दट्ट्या खाली जातो तेव्हा दुसरा वर येतो आणि मधल्या नळीतून पाणी बाहेर पडतं. त्याच गावच्या हेरॉनने या पंपावर हवी तशी वळणारी नळी बसवून आग विझवायची सोय सांगितली. अल्-जझारीचा १२०६ चा पंपही दोन सिलिंडरचाच, फक्त आडवा आणि स्वतःच्या ओढनळीसह.

ओढनळीवरून आठवलं. सक्शन पंप पाणी ‘ओढतो’ असं आपण म्हणतो खरं, पण तो काही ओढत नाही. तो नळीतली हवा काढतो, आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. हवेचा जोर संपला की पाणी थांबतं. कितीही चांगला पंप पाणी साधारण दहा मीटरच्या वर खेचत नाही, ही तक्रार गॅलिलिओने १६३८ मध्ये लिहून ठेवली, पण कारण त्याला नीट सापडलं नाही. १६४३ मध्ये तोरिचेल्लीने पाण्याऐवजी पारा घेतला आणि तो ७६ सेंटिमीटरवर थांबला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणजे गुणाकार १० मीटर ३३ सेंटिमीटर. खाणवाल्यांना कारण माहीत नव्हतं तरी उपाय माहीत होता. १५५६ मध्ये छापलेल्या आग्रिकोलाच्या खाणकामावरच्या ग्रंथात एकाखाली एक तीन पंपांचं चित्र आहे. खालचा पंप मधल्या टाकीत पाणी ओततो, तिथून दुसरा उचलतो, मग तिसरा, आणि तिघांना एकच पाणचक्र चालवतं. प्रत्यक्षात सात मीटरच्या वर सक्शन ठेवायच्या भानगडीत शहाण्याने पडू नये. पाणी गरम असेल तर ही मर्यादा आणखी घसरते, म्हणून बॉयलर फीड पंप नेहमी टाकीच्या खाली बसवतात.

वाफेचं इंजिन आल्यावर तरी पंखा चालायला हवा होता, असं वाटेल. पण ते इंजिन जन्मलंच पंपासाठी, आणि तेही दट्ट्याच्या. न्यूकमेनचं १७१२ चं डडली कॅसलजवळचं इंजिन डोळ्यांसमोर आणा. एक भलीमोठी तुळई. तिच्या एका टोकाला इंजिनाचा दट्ट्या, दुसऱ्या टोकाला खाणीत उतरलेले पंपाचे जड दांडे. सिलिंडरमध्ये वाफ भरायची, मग आत गार पाण्याचा फवारा मारायचा. वाफेचं पाणी झालं की आत पोकळी होते, बाहेरची हवा दट्ट्याला खाली दाबते आणि पलीकडचे दांडे वर उचलले जातात. मिनिटाला १२ वेळा, दर वेळी १० गॅलन म्हणजे सुमारे ४५ लिटर, आणि तेही १५६ फुटांवरून. हिशेब केला तर साडेपाच अश्वशक्ती भरते. आज एवढ्या ताकदीची मोटर दोघं जण उचलून ट्रॉलीवर ठेवतात, तेव्हा त्यासाठी तीन मजली इमारत लागायची. पण माझा मुद्दा त्या १२ झोक्यांचा आहे. वर-खाली चालणाऱ्या इंजिनाला वर-खाली चालणारा पंपच शोभतो. मध्ये काही लावायची गरजच नाही. वॉटने १७६९ च्या पेटंटात वेगळा कंडेन्सर (वाफ गार करायचं वेगळं भांडं) आणून कोळसा वाचवला, तरी झोका तोच राहिला.

त्या तुळईचा धोकाही तेवढाच मोठा. जानेवारी १८६२ मध्ये इंग्लंडातल्या हार्टली कोळसाखाणीत पंपाच्या इंजिनाची ओतीव लोखंडी तुळई मोडली आणि खाणीच्या एकुलत्या एका विवरात कोसळली. वाट बुजली, २०४ माणसं आणि पोरं गेली. त्यानंतर तिथे खाणीला दोन वाटा ठेवणं कायद्याने बंधनकारक झालं.

आता बंबाकडे. सतराव्या शतकातला बंब म्हणजे चाकांवरची पाण्याची पेटी आणि तिच्यावर घट्ट बसवलेली नळी. पाणी बादल्यांनी भरायचं आणि धार लांबूनच मारायची. १६७० च्या दशकात आम्स्टरडॅमच्या यान फान देर हेयडेनने भावाच्या साथीने चामड्याचा होज आणला. हा माणूस पेशाने चित्रकार, शहराच्या रस्त्यांची बारीक चित्रं काढणारा. पंप आगीपासून दूर ठेवून माणसाने नोझल घेऊन आत शिरायचं, ही आजची पद्धत त्याच्या होजमुळे शक्य झाली. माझ्या मते अग्निशमनाच्या इतिहासात पंपापेक्षा या होजला जास्त मान मिळायला हवा. त्याच सुमारास बंबावर हवेचा घुमटही आला. दट्ट्याचं पाणी धापा टाकत येतं. घुमटातली हवा दर धापेला दाबली जाते, मधल्या वेळेत फुगते आणि धार सलग राहते. दट्ट्याच्या पंपावर आजही तो दिसेल. त्यातली हवा पाण्यात विरघळून गेली की पाइप धडधडायला लागतो.

हातबंबाची खरी अडचण माणसांची. दोन्ही बाजूंच्या लांब दांड्यांवर वीस-वीस जण लागायचे आणि पूर्ण जोराने काही मिनिटांतच दमायचे. लंडनमध्ये रस्त्यावरच्या लोकांना पैसे आणि बिअर देऊन दांड्यावर उभं करत. ब्रेथवेट आणि एरिक्सन यांनी १८२९ मध्ये वाफेचा बंब बनवला. पुढच्याच वर्षी लंडनच्या आर्गाइल रूम्सच्या आगीत, कडाक्याच्या थंडीत हातबंब गोठले तेव्हा तो तासन्‌तास चालत राहिला. तरी लंडनने तो मनापासून स्वीकारायला आणखी तीस वर्षं घेतली. अमेरिकेत सिनसिनाटीने १८५३ मध्येच वाफेचा बंब आणि पगारी दल एकदम सुरू केलं. इथे मात्र ‘बदलाला घाबरले’ म्हणणाऱ्यांचं थोडंफार खरं आहे. पण लक्षात घ्या, वाफेच्या या बंबांतही पंप बहुतेक दट्ट्याचाच होता.

पंख्याचे दिवस फिरले ते १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात. जॉन अ‍ॅपोल्डने वळवलेल्या पात्यांचा इम्पेलर मांडला. चाचणीत त्याची कार्यक्षमता ६८ टक्के भरली, सरळ पात्यांची २४. मग पाणथळ जमिनी उपसायला हे पंप लागू लागले, कारण तिथे पाणी ढीगभर आणि उंची दोन-चार मीटर. उंच चढवायची वेळ आली की पुन्हा दट्ट्या. १८७५ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने इम्पेलरभोवती स्थिर पाती बसवून पाण्याच्या वेगाचा दाब करायची युक्ती पेटंट केली, एकाच शाफ्टवर अनेक इम्पेलर आले, आणि मुख्य म्हणजे पळवणारा आला. पार्सन्सची वाफेवर चालणारी १८८४ ची पहिली टर्बाइन मिनिटाला १८,००० फेऱ्या मारत होती. मागोमाग विजेची मोटर आणि पेट्रोल इंजिन. यांना दट्ट्या जोडायचा तर वेग कमी करावा लागतो, पंखा मात्र थेट कपलिंगवर बसतो. वीस-तीस वर्षांत पारडं पूर्ण फिरलं.

अग्निशमनात आणखी एक कारण होतं. आत गेलेल्या माणसाने नोझल अचानक बंद केलं की दट्ट्यापुढच्या पाण्याला जायला जागाच उरत नाही. जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उडाला नाही तर होज फुटतो. सेंट्रिफ्युगल पंप तसाच फिरत राहतो, दाब थोडा चढतो आणि थांबतो. एनएफपीए २० या अमेरिकी अग्निसुरक्षा मानकात सेंट्रिफ्युगल फायर पंपाची अटच अशी आहे की बंद डिलिव्हरीवर, म्हणजे पाणी बाहेर जायची वाट बंद असताना, दाब ठरलेल्या दाबाच्या १४० टक्क्यांवर जाता कामा नये, आणि दीडपट पाणी काढलं तरी किमान ६५ टक्के राहिला पाहिजे. दट्ट्याला ही अट जमणारच नाही. अर्थात बंद डिलिव्हरीवर पंप फार वेळ ठेवला तर आतलं पाणी तापतं, हेही ध्यानात ठेवा. आणि दट्ट्याचा पंप अकार्यक्षम असतो असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. पाणी थोडं आणि दाब प्रचंड हवा असेल तिथे आजही तोच सरस.

आता जोडप्रश्न. पंख्याची एक खोड काही केल्या गेली नाही. पंपात पाण्याऐवजी हवा भरलेली असली तर हेड मीटरमध्ये तेवढंच मिळतं, पण हवेचं. हवा पाण्याच्या सुमारे आठशेव्या हिश्श्याइतकी जड, म्हणून शंभर मीटर हवेचा दाब पाण्याच्या बारा-तेरा सेंटिमीटरला पुरतो. त्या जोरावर पंप सक्शनची हवा काढणार कसा?

हे मी एका कारखान्यात पुरतं भोगलंय. टाकी जमिनीखाली, पंप वर. शनिवारच्या चाचणीला इंजिन झकास सुरू झालं, आवाजही गोड, पण गेजचा काटा शून्यावर. ग्लँडमधून, म्हणजे शाफ्ट पंपात शिरतो तिथून, एरवी थेंब-थेंब पाणी पडतं, तिथे कोरडं ठक्क, आणि दोन मिनिटांत पॅकिंग जळल्याचा वास. फूट व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाणी परत उतरू न देणाऱ्या सक्शनच्या तळाच्या झडपेत, चिंधी अडकली होती. आठवडाभरात सक्शनचं पाणी हळूहळू उतरून गेलं होतं. आग नव्हती हे नशीब. नंतर आम्ही पंपाच्या वर प्रायमिंग टाकी बसवली. एनएफपीए २० तर टाकी खाली असेल तिथे पाण्यात बुडालेला उभा टर्बाइन पंपच मागतं.

फायर इंजिनला आपल्या तळ्याची किंवा नदीची पातळी निवडता येत नाही. म्हणून तो छोटा पंप, म्हणजे प्रायमर. कुठे तो दट्ट्याचा असतो, कुठे वेनचा, कुठे वॉटर रिंगचा. त्याने सक्शन होजमधली हवा उपसायची, अर्ध्या मिनिटात व्हॅक्युम गेजचा काटा चढतो, प्रायमरच्या तोंडातून आधी फेस आणि मग पाणी येतं. तेवढ्यात मुख्य पंपाने पाणी धरलं, दाब दिसला, की प्रायमर बंद. मिनिटभरात पाणी आलं नाही तर पुढे चालवत बसू नका, सक्शनच्या कपलिंगचं वॉशर बघा.