इकडील सर्व खुशाल

॥ श्री ॥

ब्रायटन, रविवार रात्र

चि. ओवी आणि चि. नील यांस अनेक आशीर्वाद.

ओवी, शुक्रवारी शाळेतून आल्या आल्या तू जे विचारलंस, त्याचं उत्तर मी धड दिलं नाही. "आपल्याकडं अशीच पद्धत असते" एवढं बोलून मी पोळ्या लाटायला वळले. तू पुढं काही विचारलं नाहीस, पण दप्तर तसंच पाठीवर ठेवून बराच वेळ उभी होतीस. ते मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले. मराठीतच लिहिते आहे. नील वाचून दाखवेल, अडलं तर मला हाक मारा.

11 नोव्हेंबरला इथं इंग्लंडात लढाईत मारल्या गेलेल्यांची आठवण काढतात, त्यासाठी शाळेनं घरातलं एखादं लढाईच्या वेळचं पत्र आणायला सांगितलं होतं. तू आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पेटीतलं मार्च 1990 चं निळं अंतर्देशीय नेलंस. मला आणि बापूमामाला लिहिलेलं. वर्गातल्या एका मुलानं त्याच्या पणजोबांचं पत्र आणलं होतं, दोन पानांचं, "माझ्या लाडक्या" असं सुरू होणारं, त्यात चिखल होता, भीती होती, शेवटी पापे होते. आणि आबांच्या पत्रात फोननं भाषांतर करून तुला काय मिळालं? इकडील सर्व खुशाल. तुम्ही सर्व खुशाल असाल. अभ्यास मन लावून करावा. आईला त्रास देऊ नये. म्हैस व्यायली का ते कळवावे. जिजीचे औषध संपू देऊ नये. लवकरच रजेवर येत आहे. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

मग तू म्हणालीस, "लढाई तर संपली होती ना? मग तरी आबा खोटं का बोलले?" आणि लगेच, "त्यांना तू आवडायची नाहीस का?"

पहिल्या प्रश्नाला मी काहीतरी सांगू शकले असते. दुसऱ्यानं माझ्या हातातलं लाटणं थांबलं.

तर आधी जिजीचं सांगते. जिजी म्हणजे आबांची आई, तुमची पणजी. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पोस्टमन दुपारी एसटीच्या वेळेला यायचा, आणि पत्र दादांच्या, म्हणजे आबांच्या वडिलांच्या, हातात पडायच्या आधी जिजी ते स्वतःच्या हातात घ्यायची. घडी उघडून फक्त वरचं टोक बघायची. "श्री हाय," म्हणायची आणि मगच पत्र पुढं करायची. मृत्यूची बातमी देणाऱ्या पत्रावर आपल्याकडं श्री लिहीत नसत. असं पत्र वाचून झालं की फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाहीत. सगळ्या बाराखडीतलं हे एकच अक्षर तिला ओळखता येत होतं आणि तेवढं तिला पुरायचं. आपल्या गावाहून नागठाण्याकडं गेलं की अपशिंगे लागतं, नावापुढं मिलिटरी लावतात ते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण कामी आले. अशा मुलखातल्या बायकांना कागदाचं कुठलं टोक आधी बघायचं हे कुणी शिकवायला लागत नव्हतं.

पत्र वाचायचं काम माझं. दादांना दिसायचं कमी, आई सासऱ्यांसमोर मोठ्यानं वाचणार नाही, भाऊकाका रानात. म्हणून सोप्यात मधोमध मी बसायची आणि आजूबाजूला निम्मी आळी. शेजारची काकू लसूण सोलत ऐकायची. ज्यांची पोरं फौजेत होती ती माणसं आपल्या पोराचं नाव येतंय का म्हणून येऊन बसायची. ओवी, तुझ्या वर्गातल्या त्या पणजोबांनी पत्र लिहिलं ते एकट्या बायकोनं उशाशी घेऊन वाचायला. आबांचं पत्र चाळीस कानांसाठी असायचं. पहिली ओळ "ती. दादांस शि. सा. नमस्कार वि. वि.", आणि आईचं तर त्यात नावही नसायचं. "घरी सर्वांस" यातल्या सर्वांत ती. मी लहान होते तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. आता खटकतं. अडीच वर्षांत एका कागदावर तरी तिचं नाव यायला हवं होतं, असं मला वाटतं, आणि हे मी तिच्यापाशी कधी बोलले नाही.

"इकडील" म्हणजे कुठलं, तेही त्या पत्रांत नसायचं. पत्ता कायम द्वारा 56 एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट. फौजेत आपण कुठं आहोत ते लिहायची मुभा नसते. 29 जुलै 1987 ला भारताचा श्रीलंकेशी करार झाला आणि फौज तिकडं गेली, तिचं नाव शांतिसेना. ऑक्टोबरात जाफन्याला लढाई पेटली, ती तिथल्या तमिळ वाघांशी. आबांची पलटण तिकडं आहे एवढं आम्हाला गावातल्या दुसऱ्या फौजींकडून कळलं. सकाळी 7 वाजून 5 मिनिटांनी पुणे केंद्राच्या बातम्या लागायच्या, तेव्हा दादा रेडिओला कान लावून बसायचे आणि कुणी भांडं वाजवलं तर ओरडायचे. गुरुजींच्या नकाशात मी जाफना शोधलं. पेनाच्या टोकाखाली झाकून जाईल एवढं होतं. शांतिसेनेतले बाराशेच्या आसपास जवान परत आले नाहीत.

एका पत्राविषयी मात्र तुम्हाला सांगायलाच हवं. 1989 चा जून, भुईमुगाची पेर चालू होती. नेहमीसारखं सगळं, पाऊस कसा आहे, बी कुठून आणलं. शेवटाला एक ओळ: "माझ्या पेटीची किल्ली चि. भाऊकडे देणे." मी वाचून टाकलं, खाली "कळावे" आलं, संपलं. दादा खाकरले. आई "दूध उतू जाईल" म्हणून आत गेली. चुलीवर दूध नव्हतं, मला माहीत होतं.

पेटीत पासबुक होतं, विम्याचे आणि जमिनीचे कागद होते. दहा वर्षांच्या मला त्या ओळीचा अर्थ कळला नाही. आईला तिथल्या तिथं कळला. तिनं किल्ली भाऊकाकांना दिलीच नाही. कुणी विचारलंही नाही. ती तिनं पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. रोज सकाळी पातळ बदललं की जुनी गाठ सोडायची, नवी मारायची. भाकरी थापताना ती किल्ली परातीवर आपटून वाजायची.

नील, तुला ते ब्रिटिश लायब्ररीतल्या पत्रांचं आठवतं? पहिल्या महायुद्धात फ्रान्सला आलेल्या हिंदी शिपायांची पत्रं साहेब उघडून वाचायचे, त्यांचे उतारे तिथं जपून ठेवलेत. एकानं घरी लिहिलं होतं की काळी मिरी संपत आली, आता लाल मिरी वापरतात. काळी म्हणजे आपले लोक, लाल म्हणजे गोरे. ते वाचलं तेव्हा मला एकदम आईच्या पदराची किल्ली आठवली. आणि इथल्या डाउन्स टेकड्यांवरच्या छत्रीपाशी, त्या लढाईतल्या हिंदी शिपायांच्या स्मारकापाशी, तू 53 नावं मोजलीस ना, त्या सगळ्यांच्या घरी आधी कुणीतरी "इकडील सर्व खुशाल" वाचलेलं असणार.

आता ओवीचं मद्रासचं पत्र. 24 मार्च 1990 ला शेवटची फौज त्रिंकोमालीहून निघाली. त्याच सुमाराला आबा मद्रासला उतरले आणि तिथून त्यांनी ते लिहिलं. तुला त्यात काहीच नाही असं वाटलं, पण वरच्या कोपऱ्यात बघ. "मद्रास" लिहिलंय. अडीच वर्षांत पत्रावर गावाचं नाव पहिल्यांदा आलं. ते वाचलं आणि सोप्यात कुणीच बोलेना. जिजी मला म्हणाली, "म्होरं नगं वाचू, परत तेच वाच." मी सात-आठ वेळा मद्रास, मद्रास वाचलं असेल. आणि दुसरी गोष्ट, ते दादांना नव्हतं. "चि. ताई व चि. बापू" असं होतं. माझ्या नावानं पोस्टानं आलेली ती आयुष्यातली पहिली वस्तू.

पण ओवी, तुझं खरंही आहे. सगळं खुशाल नव्हतं. शेजारच्या गावचा त्यांचा जोडीदार, बेळगावला दोघं एकाच दिवशी भरती झालेले, तो फेब्रुवारी 1989 मध्ये तिकडंच मारला गेला. आबा आले त्या दिवशी आम्ही दुपारपासून फाट्यावर उभे होतो. एसटी आली, आबा उतरले नाहीत. संध्याकाळची आली, त्यातही नाहीत. रात्री साडेनऊला कुणाच्या तरी सायकलवरून आले. साताऱ्याच्या स्टँडवरून ते आधी त्या जोडीदाराच्या आईकडं गेले होते. जिजीनं उंबऱ्यात थांबवून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. मी रागानं आत जाऊन झोपले. दिवसभर उन्हात उभं राहून ज्यांची वाट बघितली ते आधी दुसऱ्याच्या घरी गेले, एवढंच मला कळत होतं. तो राग मी किती वर्षं धरला ते लिहायची मला लाज वाटते.

सकाळी चहा पिताना आबांनी विचारलं, "किल्ली भाऊकडंच आहे ना?" आईनं काही न बोलता पदराची गाठ सोडली आणि किल्ली त्यांच्यापुढं धरली. आबांनी ती बघितली. घेतली नाही. "असू दे तुझ्यापाशीच," म्हणाले आणि कपबशी उचलून बाहेर गेले. ओसरीवर त्यांनी तोंड धुतलं. थोड्या वेळापूर्वीच धुतलं होतं.

त्यानंतरही ते लढाईविषयी बोलले नाहीत. पण नांगरलेल्या रानात ते पाय ठेवत नसत. ताजी उकरलेली माती दिसली की बांधावर थांबायचे. आईला पुढं जाऊ द्यायचे आणि तिच्या पावलांत पावलं ठेवून चालायचे. गावात लोक म्हणायचे, फौजी झाला, शेती विसरला. मीही तेच समजत होते. खूप पुढं, त्यांच्याबरोबरच्या एका सुभेदारांनी सांगितलं की तिकडं रस्त्यात आणि मातीत सुरुंग पेरलेले असायचे, पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवून चालायची सवय लागलेली. तेव्हा माझं लग्न होऊन गेलं होतं. पत्रात त्यांनी एक ओळ लिहिली असती, "मला भीती वाटते" एवढीच, तर मी त्या रानात त्यांच्यापुढं चालले असते. आपल्या पद्धतीचं हे मला सोसत नाही. माणूस धीर देता देता एकटा पडतो.

तरी त्याला खोटं म्हणायला माझी जीभ वळत नाही. गेल्या जानेवारीत नीलला दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा आजीचा फोन आला आणि मी म्हणाले, "इकडं सगळं बरं आहे." नील, तू पलंगावरून माझ्याकडं बघितलंस. आजी एवढंच म्हणाली, "आवाज बसलाय तुझा, काढा कर," आणि मग आठवडाभर रोज फोन करत राहिली, भाजीचे भाव सांगायला. तिला कळलं होतं. मी सांगितलं नव्हतं आणि तिला कळलं होतं, दोन्ही खरं.

तुम्ही असंच लिहावं, असंच बोलावं असं माझं म्हणणं नाही. ओवी, तू चिठ्ठीखाली बदाम काढतेस ते मला फार आवडतं. मला भीती वाटली की मी सांगेन, हे मी तुमच्याकडून शिकायचा प्रयत्न करते आहे. आबा मला पापे लिहून पाठवत नव्हते. म्हैस व्यायली का विचारायचे, कारण दूध मला आवडायचं. हे आज लिहिताना माझ्या लक्षात आलं. शुक्रवारी आलं नव्हतं.

पेटी माळ्यावर आहे, पांढऱ्या रंगानं नंबर घातलेली. आत अजून एकतीस पत्रं आहेत. किल्ली आजीनं मला दिली, ती देवाच्या खणात डाव्या हाताला आहे, कुंकवाच्या करंड्यामागं. फोननं वाचू नका. मला बोलवा, मी वाचून दाखवते.

कळावे,
तुमची आई