चांदणी कलते कशी? शिवणकामाचे सवाल-जवाब

मुलुंडहून एक वाचक विचारतात: ताई, मी घडीच्या कापडाची चांदणी करायला घेतलीय (कापडाचे चौकोन दुमडून त्रिकोण करायचे आणि ते मांजरपाटावर फेरीफेरीने टाचायचे), टेबलावर मधोमध ठेवायला गोल टॉपर, दिवाळीला नणंदेला द्यायचाय. पहिली चार टोकं एकदम मस्त जुळली पण तिसऱ्या फेरीपासून चांदणी एका बाजूला कलायला लागली, दोनदा उसवली. चुकतंय कुठे?

उत्तर: दोनदा उसवलीत म्हणजे धीर आहे हो तुमच्यात, मी माझी पहिली चांदणी पिशवीत कोंबून सरळ माळ्यावर टाकली होती. तुम्ही पत्रात रंग लिहिलेत, दोरा लिहिलात, पण खालच्या मांजरपाटावर रेघा मारल्या का ते कुठेच नाही, त्यावरून मला वाटतं मारल्या नाहीत किंवा मधेच थोड्याशा मारल्यात. सगळी गोम तिथेच आहे. १० इंचाचा चौकोनी मांजरपाट धुऊन घ्या, उभी घडी, आडवी घडी आणि दोन तिरक्या घड्या घालून प्रत्येक वेळी इस्त्री फिरवा, मग उलगडून त्या खुणांवर पट्टी ठेवून पेन्सिलने रेघा मारा, आणि त्या पार कापडाच्या काठापर्यंत न्या. काठापर्यंत का, तर पहिली फेरी बसली की मधल्या रेघा झाकून जातात, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला तुम्हाला फक्त बाहेरचीच रेघ दिसणार असते आणि तीच नसेल तर सगळा कारभार अंदाजाने चालतो.

आता घडी. ४ इंचाचा चौकोन घ्या, सुलट बाजू बाहेर ठेवून अर्धा दुमडा, मग दुमडलेल्या बाजूचे दोन्ही कोपरे खाली मधोमध आणा, इस्त्री दाबा. झाला त्रिकोण, खाली ४ इंच रुंद आणि २ इंच उंच, वरच्या टोकाला काटकोन. म्हणून तर चार टोकं मधे आणली की बरोब्बर बसतात, फट राहत नाही. या त्रिकोणाच्या मधे जी चीर दिसते ना ती वरून दिसेल अशी ठेवायची आणि तिचं खालचं टोक रेघेवर आणायचं. बऱ्याच जणी चौकोन दोनदा तिरका दुमडतात, माप तेच येतं पण मधे चीर नसते, मग त्रिकोण जरासा फिरला तरी कळत नाही आणि तिसऱ्या फेरीला तो फरक डोळ्यात येतो. तुमचं बहुतेक हेही झालंय.

अजून एक. टोक किती मागे घ्यायचं ते मधून मोजत बसू नका, मधल्या खुणा दिसणारच नाहीयेत. मधून निघणाऱ्या आठही रेघांवर मध्यापासून २, अडीच, ३, साडेतीन आणि ४ इंचावर आधीच खुणा करून ठेवा, प्रत्येक फेरीच्या त्रिकोणाची खालची बाजू आपापल्या खुणेवर आली की टोक आपोआप अर्धा इंच मागे बसतं. आठ त्रिकोणांच्या फेरीत ओळीने गोल फिरायचं नाही, आधी समोरासमोरचे वर-खाली, डावे-उजवे, मग तिरक्या रेघांवरचे चार. प्रत्येक टोकाला त्याच रंगाच्या दोऱ्याने एक बारीक टाका, तो मांजरपाटातून आरपार गेला पाहिजे, आणि त्रिकोणाच्या खालच्या बाजूला कच्चा टाका. मशीन नसलं तरी एवढं सगळं हातानेच होतं.

लालबागहून: कापड किती लागेल, कुठून घेऊ? घरात जुन्या साड्या पडल्यात त्या चालतील का?

उत्तर: पहिल्या फेरीला ४ आणि पुढच्या चार फेऱ्यांना ८-८ असे एकूण ३६ चौकोन, त्यातून ८ इंचाचा गोल निघतो. ४४ इंच पन्ह्याच्या कॉटनमधे ४ इंचाच्या एका पट्टीतच ८ चौकोन आरामात बसतात, म्हणजे एका रंगाचं पाव मीटर म्हणजे चैनच. तेवढ्यासाठी क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या मंगलदास मार्केटला जायचं तर जा, पण रविवारी बंद असतं, आणि एकदा आत शिरलात की पाव मीटरवर थांबणार नाही हे मी स्वतःवरून सांगते. त्यापेक्षा ब्लाउज शिवणाऱ्या टेलरकडची कतरण मागा ना. सुती साडी चालेल, आधी खळ द्या म्हणजे घडी टिकते. जॉर्जेट, नायलॉन अजिबात नको, घडी बसत नाही आणि इस्त्रीला चिकटतं. लाल-मरून आधी वेगळं धुवा, पांढऱ्यावर रंग उतरला की रडू येतं. गडद-फिकट-गडद अशा फेऱ्या लावा, मोठ्या फुलांच्या कापडात चांदणी हरवून जाते. सहावी फेरी घालून गोल वाढवायचा असेल तर ८ पुरत नाहीत, मधून आधीच्या फेरीच्या कच्च्या कडा डोकावतात, तिथे १६ लागतात.

बोरिवलीहून: टॉपर झाला, पण काठ जाड झाल्यामुळे सुई तुटतेय. आणि नवऱ्याने त्यावर पाण्याचा ग्लास ठेवला तो कलंडला!

उत्तर: ग्लासचा दोष नाही, नवऱ्याचाही नाही. एका त्रिकोणातच कापडाचे चार पदर असतात आणि बाहेरच्या बाजूला त्रिकोणांवर त्रिकोण चढत जातात, त्यामुळे मधे किंचित खळगा राहतो. आपली गोधडी धावदोऱ्याने सपाट होते, ही उलट फेरीगणिक फुगते. आत वॅडिंग, म्हणजे मऊ भरणाचा थर, घातलं असेल तर काढा, नुसतं अस्तर पुरे. वर फुलांचा चपटा वाडगा ठेवा, ग्लास बाजूला. सुई १६ नंबरची घाला, काठाजवळ मशीनचं चाक हाताने फिरवा. गोल कापायच्या आधी काठाला कडेकडेने एक शिवण मारून घ्या, नाहीतर त्रिकोण सुटे होतात, आणि काठाला लावायची पट्टी क्रॉसच, म्हणजे तिरकी कापा, सरळ पट्टी गोलावर चुण्या पाडते. धुवायचा तर हाताने, पिळायचा नाही, सपाट वाळवायचा, पावसाळ्यात पंख्याखाली, कारण एवढ्या पदरांत पाणी राहिलं की वास धरतो.