जुन्या बॉक्स्टरचं आयएमएस बेअरिंग: आत्ताच बदलायचं का?

मित्रा, २००१ची पोर्शे बॉक्स्टर आहे, तर आयएमएस बेअरिंग (इंजिनातल्या मधल्या दांड्याला, म्हणजे इंटरमीडिएट शाफ्टला, आधार देणारं बेअरिंग) झिजतंय का हे बघायला आधी तेलाच्या फिल्टरचा कागद कापून उलगड आणि घड्या उन्हात धरून बघ. चमचमणारे कण चुंबकाला चिकटले, तर गाडी चालू करूच नकोस; कण इंजिनभर फिरलेले असतात, नुसतं बेअरिंग बदलून भागत नाही. फिल्टर स्वच्छ असेल तर क्लचच्या कामापर्यंत थांब. तेव्हा गिअरबॉक्स उतरतोच, मजुरी एकदाच पडते. क्रँकचं मागचं ऑइल सीलही त्याच वेळी बदल. सुरुवातीच्या बॉक्स्टरमधलं दुहेरी (गोळ्यांच्या दोन रांगांचं) बेअरिंग बरंच टिकाऊ. तुझ्यात बहुधा एकेरी आहे, म्हणून क्लच चांगला असला तरी मी फार वर्षं लांबवणार नाही. आणि गाडी नुसती झाकून ठेवू नकोस रे, नियमित चालव, तेल नीट तापू दे.