क्रूसेडच्या (मध्ययुगातल्या ख्रिस्ती-मुसलमान धर्मयुद्धांच्या) काळावर टेबलटॉप कॅम्पेन (टेबलाभोवती बसून अनेक बैठकांत खेळायचा भूमिका-खेळ) रचायची आहे. इतिहासाचा शेवट सगळ्यांना ठाऊक असताना खेळात रंगत कशी ठेवावी?

दोनशे वर्षं एका कॅम्पेनमध्ये कोंबू नका. ११८४ ते ऑक्टोबर ११८७ एवढाच तुकडा घ्या आणि सुरुवात व्यापारातून करा. ११८४ मध्ये सुलतान सलाहुद्दीनने क्रूसेडरांच्या केरकच्या किल्ल्याला वेढा घातला होता, तरी त्याच्या दमास्कसहून क्रूसेडरांच्या अक्का बंदराला काफिले येत-जात होते. प्रवासी इब्न जुबैर त्याच वर्षी या वाटेने आला. अक्क्याच्या जकात नाक्यावर ख्रिस्ती कारकून अरबीत हिशेब लिहिताना त्याने पाहिले. पहिलं सेशन या नाक्यावरच घ्या. काफिल्याच्या नोकरीत आर्मेनियन, सुरियानी ख्रिस्ती, मुसलमान, फ्रँक (पश्चिम युरोपातून आलेले ख्रिस्ती) असे सगळे एकत्र येऊ शकतात, त्यामुळे धर्मावरून गट फुटत नाही. प्रत्येकाला दोनच भाषा द्या. दुभाष्यावर विसंबावं लागलं की संवादाला आपोआप धार येते.

घोळ होतो तो तयार फँटसी नियम जसेच्या तसे उचलल्यामुळे. मंत्राने महारोग बरा होत असेल तर जेरुसलेमचा महारोगी राजा चौथा बाल्डविन याच्या आजाराला अर्थ उरत नाही, आणि त्याच्या वारसाचं भांडण हाच तर सगळ्या राजकारणाचा कणा आहे. मंत्राने पाणी मिळालं तर हत्तीनची लढाईच (तहानलेलं फ्रँक सैन्य जिथे हरलं ती) उरत नाही. हे दोन मंत्र पहिल्या दिवशीच काढून टाका.

३ जुलै ११८७ ला फ्रँक सैन्याने सफ्फुरियाचे झरे सोडले आणि ते साधारण २५ किलोमीटरवरच्या तिबेरियसकडे निघालं. तिथे ते पोचलंच नाही. रात्र पाण्याविना काढली. हे टेबलावर असं आणा: चार माणसं आणि दोन घोडे असतील तर मधोमध पाणी म्हणून २४ बटणं ठेवा. पहाट ते संध्याकाळ चार टप्पे करा. दर टप्प्याला माणसामागे एक आणि घोड्यामागे दोन, म्हणजे आठ बटणं उचला. चौथ्या टप्प्याला बटणं नसतात, आणि घोड्याचं काय करायचं हा वाद मात्र दुसऱ्याच टप्प्यात सुरू होतो. पाणी माणसागणिक वेगळं मोजलंत तर खेळ हिशेबात अडकेल.

तेव्हाचा जेरुसलेमचा राजा गी याचा हा कूच करण्याचा निर्णय खेळाडूंच्या हाती देऊ नका. लढाई हरणारच आहे. आपली कोणती माणसं त्यातून सुटतात, एवढंच फाशांवर सोडा. जखमी होऊन पडलेला बहुतेक वेळा कैदी होतो आणि त्याची खंडणी ठरते, असा नियम ठेवा. कॅरेक्टर टिकतं, शिवाय सोडवायला कोण जाणार हे पुढचं सेशन तयार मिळतं.

शेवट जेरुसलेमच्या शरणागतीवर करा. शहरातून सुटायची खंडणी पुरुषामागे १० दिनार, बाईमागे ५, मुदत ४० दिवस. गटाच्या थैलीत ६० दिनार ठेवा आणि आधीच्या सेशनांत भेटलेल्या सात पुरुषांची नि आठ बायकांची यादी पुढे करा. बेरीज ११० येते. म्हणून नाक्यावरच्या कारकुनापासून प्रत्येकाचं नाव पहिल्या दिवसापासून टिपून ठेवा, नाहीतर इथे नुसते आकडे उरतील.