विषाणू वाढत नाही, छापला जातो

प्रश्न : यंदा पावसाळ्यात आमच्या सोसायटीत पाच जणांना चिकुनगुन्या झाला. विषाणू धड जिवंतही नसतो म्हणतात, मग अंगात शिरून तो लाखोंनी वाढतो कसा? आणि फ्लूची लस दरवर्षी नव्यानं का घ्यायची?
– एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : माझे वडील नारायण पेठेतल्या एका छापखान्यात जुळारी होते, म्हणजे खिळे (धातूची सुटी अक्षरं) जुळवून मजकूर उभा करणारे. खिळ्यांवरची उलटी अक्षरं ते पेपर वाचावा तशी वाचायचे. पुढे माझी सगळी नोकरी प्रयोगशाळेत विषाणू वाढवण्यात गेली, तरी असा प्रश्न आला की मला छापखानाच आठवतो.

चिकुनगुन्याचा विषाणू म्हणजे वेष्टनात गुंडाळलेला आरएनएचा धागा, सुमारे ११,८०० अक्षरांचा मजकूर. पेशीत शिरल्यावर वेष्टन सुटतं आणि आपलेच रायबोसोम, म्हणजे पेशीतले प्रथिनं घडवणारे कारागीर, हा मजकूर घरचा समजून वाचू लागतात. आधी बनतं ते नक्कल करणारं यंत्र. खरी मेख इथेच आहे. आपला कारभार डीएनएवरून चालतो. आरएनएवरून अख्खा आरएनए उतरवणारं असं यंत्र आपल्या पेशीत नसतं. ते विषाणू आपल्याच कारागिरांकडून करवून घेतो! मग मूळ धाग्यावरून उलटा धागा निघतो, खिळ्यांसारखा, आणि त्यावरून सुलट्या प्रती धडाधड. पेशीच्याच पडद्याचा तुकडा पांघरून त्या बाहेर पडतात. जिवाणूसारखं एकाचे दोन होणं यात नाहीच.

आम्ही माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर, म्हणजे व्हेरो पेशींवर, हा विषाणू सोडायचो. पहिल्या दिवशी बाटली अगदी साळसूद. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघावं, तर फरशीसारख्या एकमेकींना चिकटून बसलेल्या पेशी गोल होऊन तळ सोडताना दिसायच्या. ‘गेली बाटली’ म्हणायचो आम्ही, आनंदानं.

फ्लूचं तंत्र जरा वेगळं. त्याचा मजकूर ८ तुकड्यांत आणि मुळातच उलटा. रायबोसोमला तो वाचता येत नाही, म्हणून हा पाहुणा यंत्र सोबत घेऊनच येतो आणि थेट केंद्रकात छपाई मांडतो.

आता लसीचं. या यंत्राच्या हातून दर दहा हजार ते एक लाख अक्षरांमागे एखादी चूक होते, आणि फ्लूकडे चुका दुरुस्त करणारा मुद्रितशोधक नाही. (करोनाकडे आहे, तीस हजारांच्या आसपास अक्षरांचा मजकूर त्याशिवाय निभावलाच नसता.) बहुतेक चुका वाया जातात. पण वडिलांच्या छापखान्यात एकदा लग्नपत्रिकेवर ‘सायंकाळी’चं ‘सकाळी’ झालं होतं. तसा एखादा मुद्राराक्षस विषाणूच्या बाहेरच्या प्रथिनावर उमटला, की गेल्या वर्षीच्या प्रतिपिंडांना (अँटिबॉडींना) तो नीट ओळखू येत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, एकदा उत्तर आणि एकदा दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते प्रकार घ्यायचे ते सुचवते. दवाखान्यात टोचून घेण्याआधी खोक्यावरचं हंगामाचं वर्ष तेवढं वाचा. चष्मा न्या, अक्षर बारीक असतं.