प्रेस हलवायचीय, भरवसा कुणावर ठेवू?

प्रश्न : नारायण पेठेत आमची छोटी ऑफसेट प्रेस आहे, वडिलांच्या काळापासूनची. घरमालकांना जागा रिकामी करून हवीय म्हणून नऱ्ह्याला गाळा घेतलाय. एक टू-कलर मशीन, एक कटिंग मशीन, दोन कॉम्प्युटर, कागदाचे रीम आणि ऑफिसचं सामान न्यायचंय. तीन पॅकर्स-मूव्हर्सचे रेट आले, ३८ हजार, ६० हजार आणि ९२ हजार. ३८ वाल्याने फोनवरच रेट दिला आणि निम्मे पैसे आत्ताच पाठवा म्हणतोय. रिव्ह्यू तिघांचेही चांगले आहेत. कुणाला काम देऊ?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दादा, आधी एक करा, ३८ हजारवाल्याला एक रुपयाही पाठवू नका. ज्याने मशीन पाहिलं नाही, दरवाजा किती रुंद आहे ते पाहिलं नाही, पेठेतल्या बोळात गाडी कुठवर येते हेही विचारलं नाही, त्याने सांगितलेल्या आकड्याला काही आधारच नाही. असे लोक गाडी भरून झाली की बोलायला लागतात, सामान जास्त निघालं, हायड्रा (क्रेन) लागली, माणसं वाढवावी लागली, आणि पैसे मिळाल्याशिवाय फाळका उघडणार नाही म्हणतात, आणि तोवर तुमची अख्खी रोजीरोटी त्यांच्या गाडीत असते.

राहिलेल्या दोघांना घरी नाही, प्रेसमध्ये बोलवा आणि ते काय विचारतात ते बघत बसा. खरं काम करणारा माणूस आल्याआल्या मशीनच्या नेमप्लेटचा फोटो काढतो, वजन विचारतो, टेप काढून दरवाजा मोजतो, उचलायचे पॉइंट कुठे आहेत ते वाकून बघतो. उचलायचा पट्टा सिलिंडरवर किंवा शाफ्टवर आला तर वरून काही दिसत नाही, पण नंतर छपाईत रजिस्टर (एका रंगावर दुसरा रंग नेमका बसणं) जुळत नाही आणि मग तुम्ही महिनोन्महिने मेकॅनिकच्या मागे. हे ज्याला माहीत नाही त्याला मशीनला हात लावू देऊ नका. माझं स्पष्ट मत असं आहे की काम दोघांत वाटा, मशीन शिफ्टिंग करणाऱ्यांना फक्त दोन्ही मशीन द्या आणि टेबलं, कपाटं, कागद पॅकर्सकडे. तुमचा नेहमीचा मेकॅनिक दोन्हीकडे हजर हवा, इथे रोलर काढायला, कटिंगचं पातं काढून त्याच्या लाकडी पेटीत घालायला, आणि तिथे लेव्हल करायला. नव्या गाळ्यात थ्री-फेजचा क्रम तपासल्याशिवाय मशीन सुरू करू नका, दोन फेज उलट लागले तर मोटर उलटी फिरते.

आता कागदपत्रं. कोटेशन, बँक खातं, जीएसटी बिल आणि बिल्टी (माल गाडीत घेतल्याची वाहतूकदाराची पावती) या चारही ठिकाणी एकच नाव पाहिजे. मला विचाराल तर रिव्ह्यूपेक्षा ही तपासणी शंभरपट कामाची, कारण नावाजलेल्या कंपनीच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे करून फिरणारे खूप आहेत आणि पैसे मागताना ते कुणा भलत्याच माणसाचं वैयक्तिक खातं देतात. जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला की खरं नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द ते लगेच कळतं. गाडीचा नंबर आला की एम-परिवहन ॲपवर फिटनेस आणि इन्शुरन्स बघा. कुणी 'आयबीए मान्यताप्राप्त' असं छापलं असेल तर इंडियन बँक्स असोसिएशनच्या यादीत तेच नाव आहे का ते तपासा, लोगो कुणीही छापतं.

बिल्टीवर मालाची किंमत लिहून घ्यायला विसरू नका. २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्याखालच्या नियमांप्रमाणे माल खराब झाला तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपुरतीच असते, जास्त दर देऊन जास्त जोखीम लिहून घेतली नसेल तर. म्हणजे बिल्टीवर भाडं २० हजार असेल तर २ लाख, मशीन १४ लाखांचं का असेना. नुकसान झालंच तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, तोंडी बोलणी करत बसलात तर मुदत निघून जाते. आणि धंद्यासाठी घेतलेली सेवा असली की ग्राहक आयोगात 'व्यावसायिक कारण' हा मुद्दा आडवा येऊ शकतो, म्हणून आधीचेच कागद पक्के पाहिजेत.

मूव्हर बिलात तीन टक्के 'इन्शुरन्स' लावतो तेव्हा पॉलिसी मागा. विमा कंपनीची पॉलिसी तुमच्या नावावर आली तरच तो विमा, नाहीतर ती नुसती त्याने घेतलेली रक्कम. ट्रान्झिट पॉलिसी (वाहतुकीतल्या नुकसानीचा विमा) तुम्ही स्वतः थेट विमा कंपनीकडूनही घेऊ शकता, फक्त जुन्या मशीनला कव्हर कितपत मिळतं आणि चढवता-उतरवतानाचं नुकसान धरलंय का हे लेखी विचारून घ्या.

जीएसटीत नऱ्ह्याचा पत्ता आधीच जोडून घ्या, जागा बदलल्यापासून १५ दिवसांत तो बदल कळवायचाच असतो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल १ लाखाच्या वर असेल तर ई-वे बिल (माल नेताना जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा कागद) लागतं आणि तुम्ही काही विकत नसल्यामुळे सोबत डिलिव्हरी चलन द्यायचं, सीएंना सांगितलं की करून देतील.

कोटेशनमध्ये हमाली, टोल, हायड्रा आणि वाराई (माथाडी घेतात ती चढ-उताराची मजुरी) कोण देणार हे एकेक करून लिहून घ्या. नोंदणीकृत माथाडी असतील तर त्यांचा ठरलेला दर द्यायलाच हवा, ते कष्टाचे पैसे आहेत. पण काम न करता नुसती गाडी आली म्हणून अडवणारे वेगळे, तिथे ११२ ला फोन करा. पैशांचं म्हणाल तर थोडा ॲडव्हान्स, बाकीचे मशीन लेव्हल होऊन एक ट्रायल छापून झाल्यावर, हेही आधीच लिहा. ९२ हजारवाला हे सगळं मान्य करत असेल तर तो महाग नाहीये.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीचं अकाउंट्सचं ऑफिस नाशिकला हलवतोय. मूव्हर म्हणतो, बिल्टीवर 'घरसामान' लिहितो म्हणजे ई-वे बिलाची कटकट नाही. चालेल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, अजिबात नको. ती सवलत वापरलेल्या घरगुती सामानाला आहे, ऑफिसच्या सर्व्हर आणि फर्निचरला नाही. रस्त्यात गाडी अडली तर दंड होतो आणि विम्याचा क्लेम करायची वेळ आली तर बिल्टीवर सोफा-कपाट आणि तुटलेला मात्र सर्व्हर, मग क्लेम कसा पास होणार? जो पहिल्याच दिवशी खोटं लिहायला तयार आहे तो तुमच्या बिलातही तेच करेल, दुसरा बघा.

क्लायंटचा डेटा असलेल्या हार्डडिस्क, डिजिटल सिग्नेचरचे टोकन आणि ओरिजिनल कागद ट्रकमध्ये देऊच नका, बॅकअप घेऊन स्वतःच्या गाडीतून न्या. खोक्यांवर नंबर टाका, भरताना यादीवर त्यांच्या माणसाची सही घ्या आणि उतरवताना त्याच यादीवर टिक करत जा, फुटलेलं दिसलं तर गाडी जायच्या आधी त्यांच्या कॉपीवर तसा शेरा मारा. यूपीएसच्या बॅटऱ्या उभ्याच ठेवायला सांगा, आडव्या टाकल्या तर ॲसिड सांडू शकतं.